तीन पडद्यांवर सरदारबी

एक काम करा, बाळांनो. तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. नाक आलं? हसू आलं? आता रंग आणा. नुसतं 'सावळा' म्हणून सुटका नाही. नेमका कसा, भाजलेल्या शेंगदाण्यासारखा की चिंचोक्यासारखा? बघा, अडलात ना? धाराशिवच्या एका दुकानात सादिकभाई भरदुपारी असेच अडले होते.

तेर गावात त्यांचा फोटो स्टुडिओ. आधारकार्डापासून लग्नापर्यंत गावाचे सगळे चेहरे तिथूनच निघायचे. बारा वर्षं चाललेल्या मॉनिटरने सोमवारी मान टाकली, म्हणून नवा घ्यायला ते एसटीने आले होते. सोबत नऊ वर्षांची नात तरन्नुम. दुकानदार बसवराज ओळखीचा. मोठ्या हौसेने तीन मॉनिटर एकेक करून पुसून दाखवत होता.

"चाचा, हा वाकलेल्या पडद्याचा घ्या. थेटरात बसल्यासारखं वाटतंय बघा."

"मला थेटर न्हाय टाकायचं. फोटो दुरुस्त करायचेत, लोकांचे फॉर्म भरायचेत, हिचा अभ्यास हाय. रंग खरा दिसंल असा दाव."

"खरा रंग? तुमच्या गिऱ्हाइकाला कवापासून खरा रंग पायजे झालाय? माझ्या लग्नात मलाच दुधात बुडवून काढलं व्हतं तुम्ही!"

तरन्नुम फिसकन हसली. सादिकभाईही हसले. खोटं नव्हतंच ते. 'जरा उजळ करा' हे ऐकून ऐकून त्यांचा हात न सांगताही उजळ करू लागला होता.

त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "ह्यात एकच फोटो हाय. तिन्हींवर लाव."

तारा जोडल्या आणि तिन्ही मॉनिटरवर सरदारबी उभी राहिली. त्यांची बायको. दारात, हातात सूप, पदर वाऱ्याने सरकलेला. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. गावभराच्या फोटोंत हा एकच त्यांनी कधी उजळला नव्हता. उजळायला बसले तेव्हा तिनेच हात धरला होता. "गावाला वाटा गोरेपण. माझा रंग माझ्यापाशी राहू द्या." ती गेल्यापासून रोज सकाळी आधी हा फोटो उघडायचा, मग कामाला लागायचं.

पण इथे पहिल्या पडद्यावर ती गुलाबी दिसत होती, कुणा परक्या घरची पाहुणी वाटावी अशी. दुसऱ्यावर निळसर, थंडीत काकडल्यासारखी. तिसऱ्यावर गडद, तांबूस.

"कंचा बरोबर हाय, चाचा?"

सादिकभाई जवळ गेले, मागे सरले, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जुना मॉनिटर वर्षावर्षाने पिवळा पडत गेला होता, इतका हळू की त्यांना कळलंच नाही. डोळ्यांना तो पिवळेपणाच सरदारबी वाटू लागला होता.

"पस्तीस वर्षं एका ताटात जेवलो हिच्यासंगं," ते म्हणाले, "आन् रंग सांगता यीना."

बसवराजने स्टूल पुढे सरकवलं. "सेटिंगमधी बदलता येतंय की, चाचा. कमीजास्त करू."

"कशाच्या मापानं करू, बाबा? मापच गेलंय."

तरन्नुम मघापासून तिन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत होती. "नाना, नानी लई काळी व्हती का?"

"काळी न्हाय गं. तुझ्यावानी. तुझी अम्मी म्हणती ना, पोरगी निव्वळ नानीचा रंग घेऊन आली."

"मंग माझा शाळेचा फोटो गोरा कशाला केलता?"

बसवराज उगाच एक तार गुंडाळू लागला.

तरन्नुमने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने फ्रॉकची बाही कोपरापर्यंत वर सारली. पहिल्या पडद्यावरच्या गालाशेजारी आपला हात धरला, निरखून पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्यापाशी धरला, पुन्हा मान हलवली. तिसऱ्यापाशी जाऊन तिने हात टेकवला आणि काढलाच नाही.