वशाटाचा तवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे. तव्याची जागा चुलीवर आणि चुलीची जागा स्वयंपाकघरात, असं तुम्ही मानत असाल. मी मात्र चाळीस वर्षं एका घरी काढली आणि त्या घराचं स्वयंपाकघर आतून कधी पाहिलं नाही. मी वशाटाचा तवा. वशाट म्हणजे मांसमच्छी. ती ज्या भांड्यात शिजते, ते भांडं उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, अशी तिथली रीत होती. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीत एक खुंटी होती. तेच माझं घर.

जन्माने मी तवा नव्हतो. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात अर्जुनराव नावाचे शेतकरी होते. त्यांच्या विहिरीवर बैलांनी ओढायची लोखंडी मोट होती. मी त्या मोटेचा पत्रा. पुढे विहिरीवर विजेची मोटर बसली आणि मोट बांधावर गंजत पडली. एकदा गावाबाहेर घिसाड्यांची, म्हणजे भटक्या लोहारांची, पालं उतरली, तेव्हा अर्जुनरावांनी ती मोडकी मोट त्यांच्याकडे नेऊन टाकली. घिसाडी मला सांडशीत धरून बसे आणि त्याची बायको उभं राहून घण घाली. कडेवर पोर, हातात घण, अशी ती बाई मला अजून आठवते. दोन दिवसांत तिने मला पोट दिलं, दोन कान दिले आणि मी तवा झालो.

अर्जुनरावांच्या बायकोचं नाव छबुबाई. तिने मला हातात घेऊन वजन पाहिलं, बोटाने वाजवलं आणि मासळीसाठी ठेवून घेतलं. गोदावरी तिथून फार लांब नाही. नदीकाठच्या भोयांची साखराबाई डोक्यावर घमेलं घेऊन दारोदार मासे विकायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती छबुबाईच्या दारात घमेलं उतरवी आणि त्या दिवशी मी खुंटीवरून खाली येई.

छबुबाई जे करायची, त्याला नाव नव्हतं. घरातले नुसतं ‘चुरा’ म्हणत. धड न्याहारी नाही, धड जेवण नाही, अशा अकराच्या सुमाराला तो खायचा. पहाटेपासून रानात असलेली माणसं तेव्हा परत येत. लिंबाखाली तीन दगडांची चूल असे. मरळ मासा हळद-मीठ घालून उकडायचा आणि त्याचे काटे काढायचे. छबुबाई काटे डोळ्यांनी शोधत नसे, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये मासा चुरत जाई आणि काटा आपोआप हाताला लागे. बटाटे सालीसकट उकडून हातानेच फोडायचे, विळीला लावायचे नाहीत. मग माझ्या पोटात करडईचं तेल, कांदा, ठेचलेला लसूण, येसूर हा घरचा भाजका मसाला, आणि त्यावर मासा-बटाटा एकत्र पसरून हाताने दाबून बसवायचा.

आणि मग काही करायचं नाही. खरी विद्या इथेच होती. नवीन माणसाचा हात सारखा उलथन्याकडे जातो. छबुबाई गुडघ्यांवर हात ठेवून नुसती बसून राही. खालचा थर लालबुंद होऊन माझ्यापासून आपण होऊन सुटला, की मगच ती तो उलटायची. सगळ्यांना वाढून झालं, की माझ्या तळाला खरवड उरे. कुरकुरीत, तांबूस. तो वाटा तिच्या एकुलत्या लेकाचा, अमरसिंहाचा. तो माझ्यासमोर उकिडवा बसून बोटं भाजेपर्यंत खरवड खरडून खायचा आणि आईला म्हणायचा, “तुझ्यासाठी ठेवलीय बग एवढी.” ती एवढी म्हणजे नखाएवढी असे. छबुबाई ती तोंडात टाकायची आणि पोट भरल्याचा ढेकर द्यायची.

ती माझी चांगली वर्षं. मी स्वयंपाकघराबाहेर होतो याचं तेव्हा मला वाईट वाटत नव्हतं. माणसं माझ्याभोवती येऊन बसत होती.

अर्जुनराव गेले. अमरसिंह मोठा झाला. गावातली भांडणं मिटवू लागला, मग पंचायत समितीत निवडून आला. सत्यशीला नावाची सून घरात आली. छबुबाईने तिला काटे काढायला शिकवलं, येसूर किती घालायचा ते शिकवलं, आणि उलथन्यावरून हात झटकून झटकून वाट पाहायलाही शिकवलं.

पुढे अमरसिंहाने गळ्यात तुळशीची माळ घातली. माळेवर माझा राग नाही, मित्रांनो. त्याच भावकीत उत्तरेश्वरतात्या नावाचे म्हातारे होते. त्यांच्या गळ्यात पन्नास वर्षं माळ होती. ते आमच्या दारावरून जाताना चूल पेटलेली दिसली, तर मान वळवून पुढे जात. आपल्या ताटात काय आहे एवढंच ते पाहत. अमरसिंहाने मात्र माळ स्वतःच्या गळ्यात घातली आणि पथ्य सगळ्या घराच्या गळ्यात बांधलं. साखराबाईला सांगून टाकलं, की पुन्हा दारात यायचं नाही. छबुबाईला कोणी काही विचारलं नाही. लेकाचं नाव मोठं होत होतं, त्यात तिला आनंद होता.

मला खुंटीवरून काढलं आणि म्हशीची पेंड भिजवायला ठेवलं. सहा वर्षं माझ्या पोटात पेंड आंबत राहिली. गंज चढला. एक कान हलू लागला.

यंदा उन्हाळ्यात छबुबाई अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वसरीत, म्हणजे ओसरीवर, तिची बाज टाकली. वसरीच्या भिंतीपलीकडेच गोठा, त्यामुळे तिचं सगळं मला ऐकू येई. अमरसिंहाने चांगले डॉक्टर आणले, फळं आणली, बाजेवर नवी गादी टाकली. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी खोटा ठरेन. पण तिच्या तोंडाला चव नव्हती. दोन घास खाऊन ती ताट सरकवी.

एक दिवस तिने सत्यशीलाला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, “यकडाव मरळ आन बटाटा करतीस का गं? दोनच घास. मग न्हाई मागायची.”

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी अमरसिंह सकाळीच बीडला गेला आणि संध्याकाळी येतो म्हणाला. सत्यशीलाने माझ्यातली पेंड उपसून फेकली. विटेच्या तुकड्याने मला घास घास घासलं, तेल चोळलं, जाळावर धरलं, पुन्हा तेल चोळलं. मासा तिने पदराखालून आणला होता. लिंबाखालचे तीन दगड जागेवर होते.

मित्रांनो, सहा वर्षांनी माझ्या अंगावर करडईचं तेल तापलं. कांदा पडला, येसूर पडला, आणि वास भिंतीवरून पलीकडे गेला. बाज करकरली. कूस वळवायला दोघी लागायच्या, ती छबुबाई कोपरावर उठून बसली होती. तिचा आवाज आला, “उलथनं लावू नगंस अजून.”

“न्हाई लावत, आत्याबाई,” सत्यशीला म्हणाली.

“लाल होऊ दे. मला लाल लागतं.”

मला ते नवीन होतं. आजवर ती लाल खरवड लेकालाच देत आली होती. तिलाही तोच आवडतो, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

थर सुटायला अजून चार-पाच मिनिटं हवी होती, तेवढ्यात दारात जीप थांबली. बीडचं काम लवकर आटोपलं होतं. अमरसिंहाबरोबर मोहनराव नावाचे तालुक्यातले बडे पुढारी होते आणि आणखी चार माणसं. पाहुणे वसरीत बाजेशेजारच्या खुर्च्यांवर बसले. अमरसिंह वासाच्या मागाने मागच्या दारी आला. तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला, “काढ ते.”

सत्यशीला म्हणाली, “आत्याबाईनं मागितलंय. दोनच घास.”

“मोहनराव भायेर बसलेत. माळकऱ्याच्या घरी मासा शिजतो म्हणून तालुकाभर होईल. काढ म्हणलं ना.”

तिने मला दोन्ही कानांना धरून उचललं. फडकं घ्यायलाही ती विसरली. उकिरड्यावर नेऊन मला पालथं केलं आणि चुलीवर पाण्याची घागर ओतली. राखेचा लोट उठला, पण वास काही गेला नाही. भिंतीपलीकडे मोहनराव थट्टेने विचारत होते, “छबुबाई, वास लई झक्कास सुटलाय. आज काय बेत हाय?”

बाज पुन्हा करकरली. म्हातारी आडवी झाली असावी.

“आमच्यात न्हाई शिजत ते,” छबुबाई म्हणाली. “शेजारी असंल कुणाकडं.”

मोहनराव हसले आणि म्हणाले, “नशीब शेजाऱ्याचं. हितं असतं तर मी बी ताट घेऊन बसलो असतो.”

अमरसिंह तेव्हा मागच्या दारातच उभा होता. त्याने ते ऐकलं. तो माझ्याकडे पाहत होता, की उकिरड्यावर जमलेल्या कुत्र्यांकडे, हे मला सांगता येणार नाही. मग तो चहाचं सांगायला आत गेला.

छबुबाईने पुन्हा काही मागितलं नाही. त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

दहावा गोदावरीच्या काठी झाला. पिंड ठेवला. अशा वेळी कावळा पिंडाला शिवला, म्हणजे गेलेल्याची इच्छा पुरी झाली, असं लोक मानतात. कावळा येईना. समोरच्या बाभळीवर तो बसून होता, पण खाली उतरत नव्हता. तिथे आधी काय काय झालं, ते मी नंतरच्या बोलण्यातून ऐकलं. अमरसिंहाने हात जोडून सांगितलं, की सत्यमचं लग्न यंदाच करतो. सत्यम म्हणजे तिचा नातू. कावळा आला नाही. वाडवडिलांचं रान विकणार नाही म्हणाला. देवळाला आईच्या नावाने सभामंडप बांधतो म्हणाला. भावकीतल्या एकेकाने छबुबाईच्या एकेक मोठ्या इच्छा शोधून काढल्या. ऊन डोक्यावर आलं. चाळीस माणसं घामाने निथळत उभी होती.

घाटाच्या कडेला साखराबाई उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

“छबुअक्काला मरळ आन बटाटा पायजे होता,” ती म्हणाली. “शिजला बी होता. तुमी उकिरड्यावर टाकला. मासा माज्याच घमेल्यातला होता, सूनबाईनंच मला समदं सांगितलं.”

अमरसिंहाचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. ते पाहून उत्तरेश्वरतात्या म्हणाले, “माळ तुझ्या गळ्यात हाय, लेका. तुझ्या आईच्या न्हवती. आण मासा.”

अमरसिंह म्हणाला, “तात्या, हे तुमी मला आदी कावून न्हाई सांगितलं?”

तात्यांनी मान वळवली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या चुलीवरून अशीच मान वळवली होती.

मोटारसायकल धाडून मला उकिरड्यावरून आणलं आणि वाळूने घासलं. वाळूत तीन दगड मांडले. साखराबाईच्या माणसाने मरळ काढून आणली. सत्यशीला माझ्यापुढे बसली. तिच्या दोन्ही तळहातांवर भाजल्याचे डाग होते. तिने काटे काढले, बटाटे हाताने फोडले, सगळं माझ्यावर दाबून बसवलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली.

लोकांना घाई झाली होती. शिजलंय की, म्हणू लागले. एक जण म्हणाला, कावळ्याला काय कळतंय, घाला दोन घास पानावर. अमरसिंहही म्हणाला, “आटप आता.”

सत्यशीलाने वर पाहिलं नाही. “आत्याबाईला लाल लागतं,” ती म्हणाली. “थांबा.”

आणि ती चाळीस माणसं थांबली. पुढारी, भावकी, पाहुणे, सगळे त्या उन्हात एका म्हातारीच्या आवडीसाठी उभे राहिले. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत. त्या दिवशी घरी एवढीच हवी होती.

थर सुटला. तिने तो पानावर ठेवला, आणि कावळा झेप घेऊन आला. कावळ्याला मासा आवडतो, यात नवल काय ते मला अजून कळलेलं नाही. पण लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अमरसिंह ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. परतताना माणसं बोलत गेली, की लेक असावा तर असा, माळ घालूनही आईची इच्छा पुरी केली. सत्यशीला मागे राहिली. दहाव्याची भांडी घरी न्यायची नसतात, म्हणून कोणीतरी मला उचलून नदीत फेकलं.

आता मी वाळूत रुतलो आहे. पाणी कमी झालं की माझा एक कान वर दिसतो. दुसरा निखळून वाहून गेला.

मित्रांनो, भांडी जपा, तेल लावून ठेवा, गंजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्यासाठी एवढं बोललो नाही. तुमच्या घरातही कोणी म्हातारं माणूस असेल. शाळेतून घरी गेलात, की त्याच्याजवळ बसा आणि त्याला काय खावंसं वाटतं, ते विचारा. ते म्हणेल, काही नको, बाळा. छबुबाईसुद्धा आयुष्यभर हेच म्हणत आली. तेवढ्यावर उठून जाऊ नका. पुन्हा एकदा विचारा.