चातुर्मासातलं दाबकलम

कारंज्याच्या जैन मंदिरामागच्या बोळात कस्तुरचंद शेठचं घर होतं आणि मागच्या परसात, भिंतीच्या कडेला, लवंगेच्या वासाचं एक झाड. झाड कसलं, निळसर गवताचा वीतभर झुबका! पण पौषात त्याला कातरल्या कडांची गुलाबी फुलं आली, की बोळातल्या बाया दाराशी थांबून विचारायच्या, "धापूबाई, आज मसाला कुटून राह्यल्या काय?"

ते झाड आणलं होतं शेठाणी धापूबाईंच्या लेकीनं, भंवरीनं. कापसाच्या जिनाच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर उकंडराव माळी होता. त्याच्या मागे लागून तिनं एक फांदी मिळवली. पुढच्याच वर्षी मोठ्या तापाची साथ आली. दिवाळीला माहेरी आलेली सतरा वर्षांची भंवरी चार दिवसांत गेली.

तेव्हापासून धापूबाईंची दुपार ठरलेली. झाकपाक करून मागच्या पायरीवर बसायचं, डोळे मिटायचे. जरा डुलकी लागली, की न्हालेल्या केसांची भंवरी शेजारी येऊन बसे. बोलत काही नसे, नुसती गुडघ्यावर हनुवटी टेकून झाडाकडे बघत राही. बाया म्हणत, बाईला भ्रम झाला. झाला असेल. त्या भ्रमानं कुणाचं काय खाल्लं होतं? झाड आहे तोवर लेक येत राहणार, एवढं धापूबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या झाडाला कुणाला हात लावू देत नसत.

आणि घात केला तो मायेनंच. ज्येष्ठात त्यांनी कामरगावच्या शेतातून गाडीभर काळी माती आणवली आणि बुंध्याशी भरली. वऱ्हाडात काळीहून चांगलं दुसरं असतं काय? आषाढाची झड लागली, काळीनं पाणी धरून ठेवलं आणि झुबका खालून पिवळा पडू लागला.

साहेब विलायतेला गेल्यापासून उकंडराव घरीच बसून होता. त्याला बोलावणं गेलं. त्यानं बुंधा चाचपला.

"काय करून ठेवलं बाई हे? काळी कापसाची माय. या झाडाचे पाय कोरडे पाह्यजेत. बुंधा सडला. तसंबी हे तीन पावसाळ्याच्या वर टिकत नाही."

"मंग आता?"

"शेंडे तोडा अन् दुसरीकडं लावा. आजच्या आज."

धापूबाईंचा चेहरा उतरला. चातुर्मास लागला होता. हिरवं तोडायचं नाही, जमीन खणायची नाही, असा नेम त्यांनी मंदिरात घेतला होता.

"मी तोडतो ना," उकंडराव म्हणाला.

"तुमी तोडलं तरी तोडवलं मीच. पाप मलेच."

"मंग झाड जाईन, बाई."

दोन दुपारी भंवरी आली नाही. पायरीवर नुसता पाऊस. धापूबाईंना वाटलं, आपण लेकीला दुसऱ्यांदा घालवतोय, आणि या खेपेला तापाचं नावही घेता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं. भिंतीचा पांढऱ्या मातीचा गिलावा पावसानं ढासळला होता आणि त्यावर कडेची एक फांदी आपल्याच भारानं टेकली होती. टेकल्या पेरातून सुतासारखी मुळं निघाली होती. धापूबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. तोडायचं नाही, खणायचं नाही. पण वाकवायला कुठं मनाई आहे?

त्यांनी मऊ झाडणीनं कीडमुंगी बाजूला सारली. मग ढासळलेली पांढरी माती ओंजळीनं आणून पसरली, चार फांद्या हळूच वाकवून तिच्यावर टेकवल्या, वर मूठ-मूठ माती टाकून खडे ठेवले. उकंडराव पाहायला आला आणि हसतच सुटला.

"अवं, हे तं दाबकलम! आमाले बंगल्यावर शिकाले साल लागलं. तुमाले कोणं शिकवलं?"

"नेमानं."

कार्तिकात चातुर्मास उठला. मूळ झुबका वाळून गेला होता, पण भोवती पाच रोपं टवटवीत उभी होती.

"सगळे इथंच ठेवू नका," उकंडराव म्हणाला. "या जाग्याले सड लागली. येकयेक दुसऱ्याच्या दारी द्या. एका घरचं मेलं तं दुसऱ्या घरचं जगन."

धापूबाईंनी भंवरीची एक चोळीसुद्धा कुणाला दिली नव्हती. झाड परक्या दारी गेलं, तर भंवरी या पायरीवर कशाला येईल? पण ठेवलं तर उरणारच नाही, हेही कळत होतं. रडत रडतच त्यांनी चार रोपं बोळात वाटली. बायांनी नाव विचारलं. झाडाचं साहेबी नाव उकंडरावाच्या जिभेवर कधी चढलंच नव्हतं. धापूबाई म्हणाल्या, "भंवरीचं झाड म्हणा."

पौषात त्यांचं स्वतःचं रोप गेलंच. भंवरी यायची थांबली. धापूबाई सवयीनं पायरीवर बसत, डोळे उघडे ठेवून.

माघातल्या एका दुपारी भिंतीपलीकडून शेजारच्या सोजरबाईचा आवाज आला. सुनेवर डाफरत होती.

"अवं, भंवरीले दारात काहून ठेवलं? बकऱ्या फिरून राह्यल्या. उचल, घरात घे तिले!"

धापूबाई उठल्या आणि अनवाणीच सोजरबाईच्या दाराकडे निघाल्या.