देव्हाऱ्याच्या दारावरचा पहारेकरी

मी एक जुना सेन्सर आहे. केवढा जुना म्हणाल, तर इथला, उत्तरेकडच्या मनीमाजऱ्याचा किल्ला बांधताना मी हजर होतो, असं सांगायला मला आवडतं. पण मित्रांनो, माझ्या अंगावरचा कारखान्याचा शिक्का लगेच चहाडी करतो. जाऊ द्या.

दिसायला मी खडूच्या तुकड्याएवढा. माझा जोडीदार एक चिमुकलं लोहचुंबक. दार मिटलेलं असलं की आम्ही शेजारी शेजारी. दार उघडलं की आमची ताटातूट. तेवढ्यात मी हाक मारतो. ती हाक घरातल्या वायफायवरून क्लाउडवर जाते, सात समुद्र हिंडते आणि वात पेटायच्या आत बंगळुरूला नेत्राच्या आणि कॅनडात शिशिरच्या फोनवर उतरते.

ही दोघं उर्मिलाबाईंची मुलं. वडील गेल्यावर आई मनीमाजऱ्यात एकटी राहिली. नेत्रा कॅमेरा बसवायला निघाली, तेव्हा उर्मिलाबाई कडाडल्या, "मी काय बँक आहे का गं, पाळत ठेवायला?"

नेत्राने डोकं लढवलं. आई जेवण चुकवेल, पण सांजवात चुकवणार नाही. म्हणून तिने मला देव्हाऱ्याच्या दाराला चिकटवलं आणि माझी बातमी भावालाही दिसेल अशी सोय केली.

काय मान होता माझा! खंडेनवमीला उर्मिलाबाईंनी विळी-अडकित्त्याबरोबर मलाही गंध लावलं, झेंडूची पाकळी वाहिली. मी इतका फुगलो, की चुंबक म्हणालं, आता दार मिटायचं नाही.

पण हळूहळू एक गोष्ट झाली. आधी दिवा लागला की नेत्राचा फोन यायचा. आता फोनवर दिसायचं, 'दार उघडलं'. म्हणजे आई ठीक. शिशिरला वाटायचं ताई बोलली असेल, ताईला वाटायचं शिशिर बोलला असेल. उर्मिलाबाई दिवा लावून फोनकडे बघत बसायच्या. हे मला दिसत होतं. पण मला एकच वाक्य येतं.

मग धुक्याचे दिवस आले. उर्मिलाबाईंना खोकला झाला, ताप चढला, अंथरुणातून उठवेना. शेजारच्या गुरमीत आंटी खिचडी घेऊन आल्या.

"भाभीजी, नेत्रा को बता दूँ?"

"बिलकुल नहीं! नया काम है उसका, सब छोडके भागी आएगी. आप बस मेरा दिया लगा दो. दरवाजा नहीं खुला तो घबरा जाएगी वो."

गुरमीत आंटींनी चप्पल काढली, ओढणी डोक्यावर घेतली आणि देव्हारा उघडला. मी इमानदारीने हाक मारली, 'दार उघडलं!' दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी एकही शब्द खोटा बोललो नाही, मित्रांनो. तरी तिकडे दोन घरं फसत होती आणि इथे उर्मिलाबाईंचा श्वास घरघरत होता.

माझा सेल कधीचा संपत आला होता. तशी सूचना दोन्ही फोनवर जायची आणि दोन्ही अंगठे ती सरकवून टाकायचे. अखेर एका संध्याकाळी गुरमीत आंटींनी दार उघडलं आणि मी गप्प राहिलो. लोक म्हणतात, सेल संपला. मी म्हणतो, मी मुद्दाम डोळा मिटला. खरं काय ते देव्हाऱ्यातला बाळकृष्ण जाणे.

दिव्याची वेळ टळताच नेत्राचा फोन वाजला.

"आई, दिवा नाही लावलास?"

"लावला की गं..." आणि पुढे नुसता खोकला.

गुरमीत आंटींनी फोन ओढून घेतला. "बेटा, दिया मैं जला रही हूँ. तेरी मम्मी तो उठ ही नहीं पा रही!"

त्याच रात्री आंटींनी त्यांना इस्पितळात नेलं. न्यूमोनिया होता. सकाळी नेत्रा धुक्यातून वाट काढत पोहोचली. कितीतरी दिवसांनी उर्मिलाबाई उशीला टेकून बसल्या, तेव्हा ती रडत म्हणाली, "आई, मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस कुठे, बाळा? तू दाराला विचारत होतीस."

घरी आल्यावर नेत्राने माझ्यात नवा सेल घातला. आताही दिवा लागतो, मी हाक मारतो. पण हल्ली माझ्याआधीच फोन वाजलेला असतो, आणि हरण्यात मला भारी सुख वाटतं.

मित्रांनो, माझा सेल वेळेवर बदला, अंगावरची धूळ पुसा. दार उघडलं, हे मी सांगेनच. कोणाच्या हातांनी उघडलं, ते मात्र तुम्हीच फोन करून विचारा.