ब्रॅडवेल साहेबाचा ओळंबा

मी एक ओळंबा आहे. मूठभर पितळ, डोक्यात दोरी, दोरीला लाकडी गट्टू. गट्टू भिंतीच्या माथ्याला टेकवायचा. खाली मी भिंतीला जेमतेम शिवलो, की भिंत सरळ.

पुण्याच्या एका तांबटानं मला ओतलं. भिवा गवंड्यानं घेतलं आणि पलटणीच्या जहाजातून सिंगापूरला आणलं. त्याला दीडशे वर्षं तरी झाली असतील.

तिथं ब्रॅडवेल साहेब भेटला. पलटणीचा इंजिनियर, मिसरूडही धड फुटलेलं नाही. टेकडीवर दारूगोळ्याचं कोठार बांधायचं होतं. बेड्या घातलेले कैदी विटा वाहायचे. साहेबाची पहिली भिंत महिन्याभरात आडवी झाली. गोरे अधिकारी हसले. भिवानं मला त्याच्या हातात दिलं.

"साहेब, बाहेरून तिरकी चढवा, आतून सरळ. पायात रुंद, माथ्याला अरुंद. आणि ओळंबा थांबेस्तोवर बोलायचं नाही."

साहेबानं ऐकलं. गवंड्याचं ऐकणं त्या काळी साहेबाला सोपं नव्हतं बरं. भिंत उभी राहिली. मग जहाजांचे धक्के, पूल, बुरूज. साहेबाचा कॅप्टन झाला, पुढं कर्नल. लढाईत हाताखाली पाचशे माणसं. पण हुकूम देण्याआधी तो मला बोटाला टांगायचा आणि मी थांबेपर्यंत गप्प राहायचा.

एकदा धुक्यात समोर काही हललं. "फायर करा, साहेब!" सगळे ओरडत होते. मी थांबलो, तोवर धुकं विरलं. समोर आपलीच तुकडी होती! साहेबाच्या छातीवर पुढं पुष्कळ पदकं लागली, पण मला तो दिवसच मोठा वाटतो.

विलायतेला परत जाताना साहेबानं मला भिवाला दिलं. कोठारावर साहेबाचं नाव कोरलं गेलं. भिवाचं नाही, कैद्यांचंही नाही.

भिवाच्या घराण्यातला शेवटचा गवंडी म्हणजे गोपीनाथ. तो म्हातारपणी मुलाकडे, सिंगापुरातच हौगांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, तो मला पिशवीत घालूनच. सून अनघा इंजिनियर. एका संध्याकाळी ती कपाळाला हात लावून बसली होती.

"बाबा, टेकडीवरचं जुनं कोठार पाडावं लागणार. भिंत वीतभर आत कललीय. उद्या रिपोर्ट द्यायचाय."

"मोजलंस कुठून?"

"बाहेरून. आत नुसत्या वेली आहेत."

"अगं, आतून, पोटाकडून बघ की! आमच्यात बाहेरून तिरकीच चढवतात."

सकाळी सगळे टेकडीवर गेले. नात इराही आली. वेली छाटल्या. गोपीनाथ शिडीवर चढला, गट्टू माथ्याला टेकवला, मला खाली सोडलं. मी डुलत होतो. अनघा काही बोलणार, तोच म्हातारा म्हणाला, "थांब. त्याला थांबू दे."

मी थांबलो. भिंतीला जेमतेम शिवून. माझी ओळखीची भिंत, केसभरही ढळली नव्हती!

"Straight lah, आजोबा!" इरा सिंगापुरी थाटात ओरडली.

अनघानं सासऱ्याचे पाय धरले आणि तिथंच बसून रिपोर्ट नव्यानं लिहिला. भिंत राहिली. "आणि भिवाचं नाव?" म्हाताऱ्यानं हळूच विचारलं. तेही तिनं लिहिलं, त्यापुढं 'आणि बेडीतले मजूर' असंही.

आता मी हौगांगच्या फ्लॅटमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. ही नवी भिंत ओळंब्याच्या बोटभर बाहेर आहे. गोपीनाथला ठाऊक आहे, मलाही. तुम्ही मात्र अनघाला सांगू नका. ती सध्या फार खुशीत आहे.