एक फेरी जास्त

नविनभाईंनी ग्राफिक्स कार्डाचं खोकं काचेच्या काउंटरवरून पुढे सरकवलं, आणि सरिताने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"धर की. वर्षभर माझं डोकं खाल्लंस, आता हात मागे?"

"अजून थोडं थांबू या," सरिता म्हणाली. "अजून उतरेल भाव."

नविनभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. डहाणू रोड स्टेशनाजवळच्या त्या बोळात ते वीस वर्षं कम्प्युटरचे सुटे भाग विकत होते. भाव उतरल्यावर मागे हटणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं.

"बेटा, जानेवारीत हे सतरा हजाराला होतं तेव्हा तू रडायची तेवढी बाकी होतीस. आता डिसेंबर. बाराला देतोय. याच्याखाली नाय जायचं, लिहून देऊ?"

प्लॅस्टिकच्या स्टुलाच्या अगदी कडेला तुळशी, सरिताची आई, बसली होती. पाय जमिनीला टेकवून, उठायची वेळ आली तर पटकन उठता यावं अशी. या दुकानात ती पहिल्यांदाच आली होती, आणि तीही आपण होऊन. सकाळी तिनेच सांगितलं होतं, चल, आज ते तुझं कार्ड आणू.

"एवढं महाग झालं कशानं होतं?" तिने विचारलं.

"लोक कम्प्युटरवर नाणी खणत होते, बेन. सगळी कार्डं त्यांनीच उचलली."

"खणत होते? कुठं?"

"कुठंच नाय. कम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायचा, तो तापतो, वीज खातो, आणि नाणं निघतं."

"हातात येतं?"

"हातात नाय येत."

तुळशीने यावर जरा विचार केला. "मग उतरलं ते बरंच झालं," ती म्हणाली आणि सरिताकडे वळली. "घे आता."

सरिताने काचेखालच्या वायरींकडे पाहिलं. लाल, निळ्या, करड्या. एरवी या दुकानात तिची जीभ थांबत नसे. नववीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नव्हता, ती सरिता बारावीत आल्यावर शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन करत होती, आणि नविनभाईंशी घासाघीस तर अशी करायची की मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई. पण आज तोंडात एकच वाक्य होतं, अजून उतरेल.

कम्प्युटर मामाच्या वापीच्या कंपनीने भंगारात काढलेला. सरिताने तो उघडला, ब्रशने धूळ झाडली, स्क्रू कुठले कुठे बसले ते वहीत लिहून ठेवलं, आणि तलासरीजवळच्या त्या पाड्यावर पहिल्यांदा पडद्यावर माणसं नाचवली. चित्रकलेच्या सरांनी ते पाहिलं आणि एका मोठ्या कॉलेजचा फॉर्म आणून दिला. दोन मिनिटांची फिल्म पाठवायची. शेवटची तारीख पंधरा जानेवारी. फिल्म डोक्यात तयार होती, पण कार्डाशिवाय एका सेकंदाचं चित्र तयार व्हायला अख्खा दिवस जाई, आणि पंखा भाताच्या गिरणीसारखा घरघरत राही.

फिल्म चौकाची होती. आईच्या चौकाची.

तुळशी आणि लडक्या अठरा वर्षं एकत्र संसार करत होते, पण त्यांचं लग्न लागायचं बाकी होतं. पाड्यावर असं कुणाकुणाचं बाकी असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पैसा जमला की लावायचं. कधी कधी तर पोराच्या मांडवातच आईबापही बाशिंग बांधून उभे राहतात. एक गोष्ट मात्र अडते. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात, तो काढायचा लग्न लागलेल्या बायांनी. आणि पाड्यावर तुळशीएवढा सरळ हात कुणाचाच नव्हता. पण चौक काढायची गंगी; तुळशी तांदूळ कुटून द्यायची, गेरू कालवून द्यायची आणि उंबऱ्याबाहेर बसायची. सरिताला तिने अख्खा चौक शिकवला तो अंगणातल्या धुळीत, काटकीने, आणि लगेच पायाने पुसूनही टाकला.

"माझं लग्न झालं की मग बघ," ती म्हणायची. "सगळ्या पाड्याचे मीच काढीन. गंगीला बसवीन बाहेर."

लडक्या ओखा बंदरात बोटीवर खलाशी होता. पावसाळा सरता सरता जायचा, शिमग्याला चार दिवस यायचा. यंदा मात्र त्याने ठरवलं होतं, शिमग्याला येईन तो परत जाणार नाही, लग्न लावूनच बसेन.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी त्याचा फोन आला. घरात फोन एकच, तो सरिताकडे असे, आणि रेंज यायची फक्त पाण्याच्या टाकीमागच्या खडकावर. तुळशी तेव्हा तीन दिवस आशागडला बहिणीकडे गेली होती. असती तरी तिला फोन लावता येत नव्हता. सरिता लावून द्यायची, मग ती दोन्ही हातांनी धरून ओरडून बोलायची.

"येतो गं पुढच्या आठवड्यात," लडक्या म्हणाला. "तुझं ते कार्ड आलं का?"

"कुठलं येतंय, बाबा. भाव वाढतच चाललाय. आता नाही घेतलं तर मग मिळणारच नाही असं नविनभाई म्हणतात. थांबू का घेऊ?"

पलीकडे वारा आणि कुणाचं तरी हसणं. मग लडक्या म्हणाला, "थांबतेस कशाला? मी एक फेरी जास्त मारतो. पंधरा दिवसांनी येतो. कार्ड पण, लग्न पण."

"हो," सरिता म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर त्या खडकावर ती चक्क नाचली. पाण्याला आलेल्या बाया हंडे खाली ठेवून बघत राहिल्या.

आईला तिने एवढंच सांगितलं, बाबा एक फेरी जास्त मारून येतायत. का, ते तुळशीने विचारलं नाही.

त्या फेरीत बोट हद्दीपलीकडे गेली. इंजिन बंद पडून वाहत गेली म्हणे. पलीकडच्यांनी ती पकडली आणि सातही खलाशी तिकडच्या तुरुंगात गेले. बोटमालकाने यादी पाठवली, त्यात पाचवं नाव लडक्याचं. राहिलेला पगारही पाठवला. कधी सोडतील? कुणी म्हणे दिवाळीला, कुणी म्हणे दोन वर्षं, कुणी नुसतं वर बघे. थांबायचं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

मे महिन्यात गंगीच्या सुदामचं लग्न झालं. सुदाम म्हणजे पाड्यावरचे सगळे कागद वाचून देणारा. रेशनचं असो की कोर्टाचं, वाचून झालं की तो कागद बसच्या तिकिटासारखा लांबट दुमडून परत द्यायचा. त्याच्या घरी तुळशीने नेहमीसारखे तांदूळ कुटले. आत गंगीचा हात चौकाच्या कोपऱ्यात अडला. तिने मान वळवून उंबऱ्याबाहेर पाहिलं, तेव्हा तुळशीने बसल्या जागी हवेत बोट फिरवून रेघ कशी वळवायची ते दाखवलं. गंगीने ती काढली. मग गंगी नेहमी करायची ती थट्टा, काय गं बिनलग्नाचे, यंदा तरी मांडव घाल, ती काही तिने केली नाही. आणि ती न केलेली थट्टाच सरिताला सहन झाली नाही. ती मांडवातून उठून घरी गेली आणि कम्प्युटरवर गोणपाट टाकलं. तो त्यानंतर चालू झालाच नाही.

ऑक्टोबरमध्ये लडक्याचं पत्र आलं. हिंदीत, कुणा दुसऱ्याच्या अक्षरात. सरिताने आईला वाचून दाखवलं. तब्येत ठीक आहे, भात मिळतो, मासा नाही मिळत, हसायला येतं, समुद्रात होतो तर मासाच मासा होता. शेळीला विकू नका. एक ओळ मात्र तिने गाळली. जास्तीच्या फेरीचे पैसे सरीच्या कार्डाचे आहेत, ते लग्नात घालू नका. डोळे त्या ओळीवरून खाली उतरले आणि तोंडाने पुढची ओळ वाचली. पत्राची चौकोनी घडी घालून तिने आईला दिली. तुळशीने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या बटव्यात ठेवली.

आणि आज ती इथे, स्टुलाच्या कडेला.

"मी जरा बाहेर आहे," सरिता म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. समोर चिकूच्या पाट्या उतरत होत्या. थोड्या वेळाने तुळशी मागून आली आणि पायरीवरच बसली.

"भूकंपाचं भ्या वाटतं का तुला, घरात ठेवायचं म्हणून?"

"नाही. तसंही सगळं अंगणातच आहे आता."

ते खरं होतं. महिनाभर जमीन हलत होती. भांडी खडखडायची, भिंतींना भेगा पडल्या होत्या. सगळ्या पाड्याने अंगणात ताडपत्र्या बांधल्या होत्या. तुळशीनेही चार मेढी पुरून, वर ताडपत्री ओढून मांडव घातला होता. लग्नाचा घालायचा तो भूकंपाचा घातला, असं ती स्वतःच म्हणाली होती, आणि शेजारच्या बारकीला हसावं की नाही ते कळलं नव्हतं.

"एक सांगायचं राहिलं तुला," तुळशी म्हणाली. ती सरिताकडे बघत नव्हती, चिकूंकडे बघत होती. "ती जास्तीची फेरी. मी सांगितली होती त्याला."

सरिता तिच्याकडे वळली.

"म्हटलं, अठरा वर्षं थांबले, आता लग्न लावतोस तर नीट लाव. मला साडी भारी पाहिजे. वाजवणारे पाहिजेत. सगळ्या पाड्याला मटण. तो बोलला, एवढं पाहिजे तर एक फेरी जास्त मारावी लागंल. मी बोलले, मार."

"कधी बोललीस?"

"फोनवर. शिमग्याच्या आधी."

बोलता बोलता तिने बटवा उघडला होता. पैशाच्या पुडीआधी प्लॅस्टिकची पिशवी वर आली. आतल्या पत्राची चौकोनी घडी मोडली होती. ते आता लांबट दुमडलेलं होतं, बसच्या तिकिटासारखं.

सरिताने ती घडी पाहिली. मग आईचे हात पाहिले, पिशवी परत आत सारणारे, घाईने नाही, अगदी सावकाश.

"तर ती फेरी माझ्या नावावर आहे," तुळशी म्हणाली. "मी बघीन माझं. तू आत जा, घेऊन ये."

आये, तुला फोन लावता येत नाही. आये, तू त्या दिवशी आशागडला होतीस. दोन्ही वाक्यं सरिताच्या जिभेवर आली आणि तिथेच थांबली. पायरीवर ती आईच्या शेजारी बसली. खांद्याला खांदा लागला. चिकूच्या पाट्या संपल्या, टेम्पो सुरू झाला आणि मागे फिरत फिरत बोळाबाहेर गेला.

"कुठल्या रंगाची सांगितली होतीस?" सरिताने विचारलं.

"काय?"

"साडी."

तुळशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हळदी," मग ती म्हणाली. "हळदी रंगाची."

"चांगली दिसेल तुला."

"दिसंल ना," तुळशी म्हणाली, आणि पदराने नाक पुसून उठली.

नविनभाईंनी पावती फाडली आणि वरून एक माउस पॅड फुकट टाकलं. "थांबली म्हणून फायदा झाला तुझा, बघ," ते म्हणाले. सरिताने मान हलवली. खोकं तिने उचललं नाही, तुळशीनेच उचललं.

तलासरीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. तुळशीने खोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी, फोन धरायची तसं. आशागड मागे पडलं. रस्त्याकडेच्या पाड्यांवर निळ्यापिवळ्या ताडपत्र्या दिसत होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, यंदा घरोघरी लग्न आहे.

"ह्याच्यात चौक निघंल?" तुळशीने विचारलं.

"निघेल. आपोआप निघताना दिसेल, एकेक रेघ."

"तो भिंतीवरचा नाय. म्हणजे चालतंय ना, मी सांगितला तर?"

"चालतंय."

तुळशीने खोक्याच्या झाकणावर बोट टेकवलं आणि चौकाची बाहेरची रेघ ओढली, मग आतली, मग कोपऱ्यातलं ते वळण, जिथे गंगी अडली होती. बस खड्ड्यात आदळली तशी तिने खोकं छातीशी धरलं, आणि रस्ता नीट लागल्यावर परत मांडीवर ठेवलं. बोट मधोमध आलं, जिथे देवी बसते, आणि थांबलं.

"हे मधलं नको काढू," ती म्हणाली.

"मग फिल्म अर्धीच राहील, आये."

"राहू दे. तो आला की काढू."