साहेब येण्याआधीच्या अकरा बादल्या

मित्रांनो, मी एक जुने वाफेचे इंजिन आहे. गुलबर्ग्याजवळच्या खाणीतून सिमेंटच्या कारखान्यापर्यंत सात किलोमीटर चुनखडी ओढण्यात माझी चाळीस वर्षे गेली. आम्ही चार भावंडे विलायतेहून बोटीने आलो होतो. १९९१ नंतर देशात नवे धोरण आले आणि धोरणामागून डिझेलचे ट्रक आले. तिघांना भंगारवाल्याने कापून नेले. मला अडीअडचणीला ठेवले. तेव्हापासून कोणी माझ्याकडे जरा टक लावून पाहिले, तरी माझी वाफ गळू लागते.

माझे ड्रायव्हर गुंडेराव. खाणीवरच्या वस्तीत कोणी बाळंतीण असली की तिच्या न्हाणीला माझ्याच बॉयलरमधले कढत पाणी जायचे. ते दिले की गुंडेराव काचेच्या नळीत पातळी बघत आणि कमी पडलेले लगेच भरत.

यंदा, १९९६ साली, बॉयलर तपासणारे सरकारी साहेब मला तपासायला येणार असे ठरले. पास झाले तर राहायचे, नापास झाले तर गॅस कटर. त्या सकाळी वस्तीतल्या वच्छलाबाई बादली घेऊन हजर.

“अक्का, आज न्हाई. साहेब यायलेत,” गुंडेराव म्हणाले.

“साहेब बाळंत झालाय व्हय? त्याच्यासाठी पाणी कामून राखायलास, अण्णा? माझी रेणुका आठ दिसाची ओली बाळंतीण, तिकडं पारोशी बसलीय.”

गुंडेरावांनी तोटी सोडली. उद्या इंजिन असेल-नसेल म्हणून मागोमाग सगळी वस्ती आली. अकरा बादल्या गेल्या. गुंडेराव साहेबांसाठी माझे पितळ घासण्यात गुंग. नळी रिकामी झाल्याचे मला कळत होते. पण शिट्टी वाजवायलाही मला त्यांचाच हात लागतो.

पाणी फार घटले की भट्टीच्या माथ्यावरचे शिशाचे बूच वितळते, वाफ आगीवर पडते आणि स्फोट टळतो. साहेब पायरी चढत असतानाच ते वितळले. पांढऱ्या शर्टाचे साहेब वाफेने भट्टीतून उडालेल्या राखेने माखून उतरले.

“हे काय झालं?”

गुंडेरावांनी रिकाम्या नळीकडे पाहिले, वच्छलाबाईंकडे पाहिले. मग माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले, “वय झालंय साहेब त्याचं. आता न्हाई भागत.”

साहेबांनी तसेच लिहून घेतले.

सोमवारी कटर येणार आहे. गुंडेराव अजून रोज येऊन मला पुसतात, पण समोरून येत नाहीत. त्यांनी वच्छलाबाईंचे नाव घेतले नाही, हे चांगलेच केले. मित्रांनो, यंत्राला तेल द्या, पाणी द्या. आणि चूक तुमची झाली, तर ती आमच्या वयावर ढकलू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही.