हद्दीपलीकडचं स्थळ

कर्नाटकातल्या मन्नाएखेळ्ळीत हायवेला लिंबाजीचं पंक्चरचं दुकान होतं. ट्रकवाल्याशी कन्नड, हैदराबादकडचा ड्रायव्हर आला की दखनी आणि घरात मराठी, अशा तिन्ही बोल्या त्याच्या तोंडात खेळायच्या. इंग्रजीचं अक्षर समोर आलं की मात्र गडी गार. बापजाद्यांनी मेंढरं राखली, ह्यानं टायर ठोकले आणि दोन्ही लेकरांना शिकवलं. थोरला योगीराज पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीत लागला. धाकटी रेणू गुलबर्ग्याला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होती. त्यांच्या भावकीतून डिग्रीला गेलेली ती पहिली पोरगी. गिऱ्हाईकानं विचारो न विचारो, लिंबाजी हे ऐकवल्याशिवाय पंक्चर काढायचा नाही.

योगीराजनं एक जुना कॉम्प्युटर घरी आणून बसवला, नेटची कांडी खोचली, वर बोटाएवढा कॅमेरा लावला. आईला लेकाचं तोंड दिसावं, एवढाच त्यातला हेतू. बाणूबाई त्या पडद्यापुढं डोक्यावरचा पदर सारखा करून बसायची आणि जेवलास का म्हणून विचारायची.

दोन हजार बाराच्या सुट्टीत रेणू घरी होती. निकाल लागला असं मैत्रिणीनं कळवलं म्हणून ती मशीनपुढं बसली. लिंबाजी नुकताच जेवायला आला होता. हात धुऊन वळतोय तर पोरगी दगडासारखी बसलेली. पडद्यावर भलंमोठं पांढरं पान, त्यावर सरकारी सिंहांचा शिक्का आणि खाली इंग्रजीत 'पोलीस'. जीपवर बघून बघून तेवढा एक शब्द त्याला ओळखू यायचा. आणि त्याच्या शेजारी, चौकोनात, त्याच्या स्वतःच्या लेकीचं तोंड!

"हे काय हाय गं?"

"पोलिसांचं हाय अप्पा. मशीन बंद केलंय म्हणायलेत. दंड भरा, न्हाईतर अटक करू म्हणतेत."

"कामून? काय केलंस तू?"

रेणूनं मान खाली घातली. ह्या मशीनवर नागडी चित्रं बघितली गेली, असं त्या पानावर लिहिलं होतं. आता सांगा, बापाच्या तोंडावर हे वाचून दाखवणारी पोरगी ह्या मुलखात कुठं सापडंल? "मला न्हाई कळालं," ती म्हणाली. मान वर केली नाही.

इंग्रजीत शिकणाऱ्या पोरीला इंग्रजी कळालं नाही, हे लिंबाजीला खटकलं. मशीन बंद करून चालू केलं तरी तेच पान. दुसरं काही उघडंना.

शहाणा माणूस लेकाला फोन करता. पण फोनवर पोलीस ऐकत असले तर? घरात बसलेल्या पोरीचं तोंड ज्यांना दिसतं, त्यांना फोन ऐकणं काय अवघड! म्हणून लिंबाजी गेला रामरावांकडं. रामराव म्हणजे कोर्टात जन्म घालवलेला कारकून, आता पेन्शनीत बसलेला. सरकारी कागद वाचायचा तर अख्खं गाव त्यांच्याच ओट्यावर जायचं, आणि ह्या गृहस्थांनीही आयुष्यात कधी 'मला ठाऊक नाही' म्हटलेलं नव्हतं.

रामराव आले, चष्मा चढवला. खुर्ची पुढं केली तर दोन पावलं मागं सरले. "मी न्हाई बसत त्याच्यापुढं. माझं नाव आत गेलं म्हंजे? पोरीलाच बसवा."

रेणू बसली. चौकोनात पुन्हा तिचंच तोंड आलं, घाबरलेलं. रामरावांनी भिंतीला टेकून, मान लांब करून सगळं वाचलं आणि मराठीत सांगितलं. चवीनं सांगितलं, असं म्हटलं तरी चालंल. बाणूबाई ऐकता ऐकता आत निघून गेली. रेणू रडायला लागली. आणि लिंबाजीनं लेकीकडं अशा नजरेनं बघितलं की तसं त्यानं आजवर कुणाच्याच पोरीकडं बघितलं नव्हतं.

"दंड भरून टाकू का सायब?"

"खुळा का काय? दंड भरला म्हंजे गुन्हा कबूल झाला. मग फोटोसकट पेपरात." रामराव आवाज खाली आणून म्हणाले, "लिंबाजी, हे कर्नाटकचं पोलीस. पलीकडं दे पोरगी. देवणीकडं, उदगीरकडं. लग्न झालं की आडनाव बदललं, गाव बदललं, राज्य बदललं. हद्दीपलीकडं कोण हुडकत येतंय?"

लिंबाजीला ते पटलं. हसू नका. ह्या शिवारात मारामारी करून पलीकडच्या मामाकडं जाऊन बसलेली माणसं त्यानं डोळ्यांनी बघितली होती, आणि इकडचा हवालदार हद्दीच्या नाल्यापासून परत फिरलेलाही. जे भांडखोरांना जमतं ते आपल्या लेकराला वाचवायला का जमू नये? रात गेली की दिवस जीपच्या आवाजाकडं कान लावून काढायचा, असं त्याचं चाललं होतं. पोरीला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्याशी बोलणं सोडलं आणि मशीनवर घोंगडी टाकली.

देवणीकडचं स्थळ आलं. बालाजी नाव, किराणा दुकान, पहिली बायको वारलेली. वयानं बराच मोठा, पण लगेच तयार. कॉलेजचं काय, असं रेणूनं आईला एकदा विचारलं. बाणूबाई म्हणाली, "जेलात जायचंय का कॉलेजात?" योगीराजला फक्त लग्नाची तारीख कळवली. एवढी घाई कशाला म्हणून तो फोनवर ओरडला, तर लिंबाजीनं फोनच ठेवून दिला.

योगीराज आला तो हळदीच्या दिवशी सकाळी. बहीण पिवळी होऊन आतल्या खोलीत बसलेली. आपल्या कॅमेऱ्यातले हळदीचे फोटो मशीनवर उतरवून ठेवावेत म्हणून त्यानं घोंगडी ओढली.

"हात लावू नको!" लिंबाजी धावत आला. पण बटण दाबून झालं होतं.

पान उघडलं. योगीराज वाचत गेला आणि त्याचं तोंड उतरलं. "अप्पा, ह्याच्यासाठी?"

"हळू बोल."

"बसा हितं."

"मी न्हाई—"

"बसा म्हणतो न्हवं!" पोरानं बापाला दंडाला धरून खुर्चीत दाबलं. चौकोनात लिंबाजी दिसला. पांढऱ्या मिशा, पटका, कपाळाला लागलेली हळद. त्याच शिक्क्याखाली, त्याच गुन्ह्यासकट.

"आता तुमी बघितली का नागडी चित्रं?" योगीराजचा आवाज फुटला. "समोर जो बसंल त्याचं तोंड हा कॅमेरा दाखवायलाय. हे पोलीस न्हाईत अप्पा, चोर हायत. कुठंतरी लांब बसून लोकांच्या मशीनला कुलूप घालतेत आणि भ्या दाखवून पैसे उकळतेत. पोलीस कधी पडद्यावर दंड मागतेत का? एक फोन करायचा होता मला. एकच!"

त्यानं नेटची कांडी उपटली. मशीन बंद केलं, चालू होताना एक बटण टकटक दाबत राहिला आणि भलत्याच, साध्या काळ्या पडद्यातून आत शिरला. मशीन उठताच आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींत एक वेडंवाकडं नाव सापडलं, ते पुसलं. स्वतःच्या पेनड्राईव्हवरनं तपासणी लावली. चहा निवायच्या आत काम झालं. मशीन पुन्हा चालू केलं तर पान नाही, शिक्का नाही. नेहमीचं हिरवं रान आणि निळं आभाळ.

ज्याच्या भीतीनं त्यानं पोटची पोर दुजवराच्या पदरी टाकली, ते एवढंच होतं.

"आत्ता जाऊन सांगा तिला," योगीराज म्हणाला. "लग्न मोडा. देवणीवाल्यांशी मी बोलतो."

लिंबाजी उठला. खरंच सांगायला उठला. पण आतल्या दारापर्यंत जाईस्तोवर त्याच्या डोक्यात मांडव आला, भावकी आली, कामून मोडलं म्हणून विचारणारी तोंडं आली. रामराव काय काय बोलून बसले असतील ते आलं. आणि सगळ्यात शेवटी हे आलं, की आता आपण गाढव ठरणार.

रेणूनं त्याला बघितलं आणि ती उठून उभी राहिली. इतक्या दिवसांनी बाप आपणहून तिच्याजवळ आला होता.

"अप्पा, अण्णानं मशीन उघडलं व्हय? गेलं का ते?"

"गेलं."

"मग पोलीस आता तुमाला न्हाई ना धरणार?"

"न्हाई."

तिनं मोठा श्वास सोडला. "माझंच चुकलं अप्पा. निकाल हुडकताना भलतंच दाबलं गेलं, घाण पान उघडलं. मी लगेच बंद केलं, देवाची आन. पण त्येनी बघितलं असंल. तुमाला कसं सांगावं कळंना. माझ्यापायी तुमी लई सोसलं." आणि ती वाकली, बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

एक वाक्य बोलायचं होतं. तुझी काही चूक नाही पोरी. बस. लिंबाजीचे ओठ हललेही.

बाहेर देवणीच्या जीपचा हॉर्न वाजला.

"जाऊ दे," लिंबाजी म्हणाला. "मी माफ केलं तुला."

रेणू पदरानं डोळे पुसत हसली. दारात योगीराज उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्याकडं न बघता लिंबाजीनं तांब्या उचलला आणि पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला बाहेर गेला.